जुन्या पॅटर्नवरून ऐतिहासिक कॉर्सेट शिवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्लाउज, कुर्ते, पंजाबी ड्रेस सफाईने शिवणारी माणसं कॉर्सेटपाशी, म्हणजे पट्ट्या घालून ताठ केलेल्या आणि नाडीने आवळायच्या जुन्या युरोपीय अंतर्वस्त्रापाशी, येऊन अडतात. हात कमी पडतो म्हणून नव्हे. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीचा कागद समोर असतो आणि त्यावर काय लिहिलंय हेच धड कळत नाही, म्हणून. मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरं १८६० ते १८९० या काळातल्या इंग्लंड-फ्रान्समधल्या कॉर्सेटबद्दल आहेत, कारण शिकायला सुरुवात तिथूनच करावी असं माझं मत आहे.

कॉर्सेट, स्टेज (stays) आणि बॉडीज (bodies) ही एकाच कपड्याची नावं आहेत का?

एकाच घराण्यातली, पण वेगळ्या पिढ्यांची. सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये ‘पेअर ऑफ बॉडीज’ म्हणत, कारण कपडा दोन अर्ध्या भागांचा असे. जर्मनीतल्या नॉयबर्गच्या डोरोथिया साबिना या राजघराण्यातल्या स्त्रीच्या १५९८ सालच्या दफनातून असा एक मिळाला. राणी पहिल्या एलिझाबेथच्या अंत्ययात्रेतल्या पुतळ्यासाठी १६०३ साली केलेलाही लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत टिकून आहे. अठराव्या शतकात शब्द प्रचलित होता ‘स्टेज’. हे स्टेज धडाला उलट्या शंकूचा आकार देतात : छाती वर, पोट सपाट, कंबर तुलनेने मोकळी. १८०० च्या आसपास ‘कॉर्सेट’ हा फ्रेंच शब्द रुळला आणि पुढे वाळूच्या घड्याळासारखा आकार आला.

हा फरक शिवणाऱ्याने जाणून घ्यायलाच हवा. शंकूच्या पॅटर्नला कंबरेत खोलगट वळण दिलं किंवा घड्याळाच्या पॅटर्नचं वळण सपाट केलं, की अंगावर काहीतरी तिसरंच दिसतं.

जुने पॅटर्न मुळात येतात कुठून?

तीन वाटांनी.

पहिली वाट छापील पुस्तकांची आणि मासिकांची. दिदरोच्या फ्रेंच ज्ञानकोशात कॉर्सेट शिवणाऱ्या शिंप्याची चित्रं आहेत. गार्सोने १७६९ साली शिंपीकामावर लिहिलेल्या ग्रंथात स्त्रियांच्या स्टेजची कापणी दिली आहे. लंडनमध्ये १८३८ साली निघालेल्या ‘वर्कवुमन्स गाइड’मध्ये त्या काळच्या कॉर्सेटचे भाग काढून दाखवलेत. १८६७ पासून अमेरिकेतलं ‘हार्पर्स बझार’ अंकासोबत मोठाले पॅटर्नचे कागद देत असे. त्या कागदावर दहा-बारा कपड्यांच्या रेषा एकमेकींवर छापलेल्या असत, कुठे तुटक, कुठे ठिपक्यांची, कुठे फुल्यांची. आपल्याला हवी ती रेषा बोटाने धरून शेवटपर्यंत जायचं. रंगीत पेन्सिल घेऊन बसलात तर जमतं.

दुसरी वाट संशोधकांची. नोरा वॉ आणि जॅनेट आर्नल्ड या इंग्लंडमधल्या अभ्यासक बायांनी संग्रहालयातले खरे कपडे मोजून त्यांचे आराखडे कागदावर उतरवले. आर्नल्डबाईंचे आराखडे एक अष्टमांश मापात आहेत, म्हणजे कागदावर अष्टमांश इंच तो कापडावर एक इंच.

तिसरी वाट पेटंटची आणि कारखान्यांची. लेस्टरशायरमधल्या मार्केट हार्बरो गावात सिमिंग्टन कंपनीचा कॉर्सेटचा कारखाना होता. त्या कंपनीचा संग्रह आता लेस्टरशायरच्या संग्रहालय विभागाकडे आहे. गिरणीत राबणाऱ्या, घरकाम करणाऱ्या बायकांसाठी बनवलेले स्वस्त आणि टिकाऊ कॉर्सेट त्यात पाहायला मिळतात. मला ते राजवाड्यातल्या रेशमी कॉर्सेटपेक्षा जास्त शिकवतात. कमी कापडात, कमी पट्ट्यांत बळकटी कुठून आणली हे त्यात दिसतं.

पहिलाच कॉर्सेट आहे. कोणता काळ निवडू?

१८६० च्या दशकातला, एका बाजूला पाच-सहा तुकडे असलेला साधा कॉर्सेट. शिवणी उभ्या, वळणं सौम्य, पट्ट्या मोजक्या. १८३० चा गसेटवाला, म्हणजे आपल्या भाषेत छातीला आणि नितंबाला कळ्या लावलेला कॉर्सेट दिसतो सोपा. पण कळीचं टोक कापडाच्या चिरेत बसवताना नवख्या हाताला हमखास चुणी पडते. अठराव्या शतकातले स्टेज सगळ्यात शेवटी करा. त्यात शेजारी शेजारी इतके बारीक बोगदे, म्हणजे पट्ट्या सरकवायच्या जागा, शिवायचे असतात की महिना सहज जातो.

पॅटर्न मोठा केला, तसाच कापला, तर चालेल ना?

नाही. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

संग्रहालयातल्या कपड्यावरून काढलेला पॅटर्न म्हणजे एका विशिष्ट बाईचं अंग आहे. तिचा एक खांदा उतरता असेल, तिला मुलं झालेली असतील, कापड वर्षानुवर्षं घामाने आणि ताणाने सैल पडलेलं असेल. हे सगळं त्या रेषांमध्ये उतरलेलं असतं. तुम्ही तो जसाच्या तसा शिवलात तर तिचं अंग तुमच्यावर चढवताय. आणि मग पॅटर्न चुकला, नाहीतर माझंच अंग चुकीचं, असं म्हणत रडत बसणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. अंग चुकीचं नसतं. मधलं एक काम राहून गेलेलं असतं.

ते काम असं. पॅटर्न मोठा केल्यावर आधी त्यावरची पट्टी किंवा एखादी दिलेली लांबी मोजून पाहा, छापताना माप हललेलं असू शकतं. मग शेजारच्या दोन तुकड्यांच्या शिवणी एकमेकींवर चालवून बघा, लांबी जुळते का. त्यानंतर तुमची मापं घ्या : छातीचा घेर, छातीखालचा घेर, कंबर, आणि नितंबाच्या वरच्या हाडापाशी घेर. उभी मापंही घ्या. छातीखालून कंबरेपर्यंत किती, आणि खुर्चीवर बसून कंबरेपासून मांडीपर्यंत किती. हे बसून घेतलेलं माप लोक सोडून देतात, आणि मग पुढची पोलादी पट्टी मांडीत रुतते.

आता एक उदाहरण. पॅटर्न बंद केल्यावर कंबर २३ इंच भरते. तुमची कंबर ३२ इंच. तुम्हाला ३ इंच आवळायचं आहे, म्हणजे २९. मागे नाडीच्या जागी २ इंच फट ठेवायची, म्हणजे कॉर्सेट २७ इंचांचा हवा. एका बाजूला निम्मा धरला तर साडेअकराचे साडेतेरा करायचे, वाढ २ इंच. एका बाजूला पाच तुकडे असतील तर शिवणी चार. प्रत्येक शिवणीला अर्धा इंच, म्हणजे शिवणीच्या दोन्ही कडांना पाव-पाव इंच वाढवा. पुढची बस्कची (बंद करायच्या पट्टीची) कड आणि मागची आयलेटची (नाडी ओवायच्या भोकांची) कड यांना हात लावू नका, त्या सरळच राहायला हव्यात. छातीची वाढ पुढच्या तुकड्यांत आणि नितंबाची वाढ बाजूच्या तुकड्यांत जास्त द्यावी लागते, तिथे समान वाटणी कामाची नाही. उंची कमी-जास्त करायची असेल तर कंबरेच्या रेषेच्या थोडं वर किंवा खाली कागद आडवा कापून सरकवा.

जुने इंग्रजी पॅटर्न इंचात आहेत आणि आपल्याकडचे शिंपी आजही इंचातच मापं घेतात, हा आपला मोठा फायदा. सेंटिमीटरमध्ये बदलत बसू नका.

कच्चा नमुना शिवायलाच हवा का? कापड वाया जातं.

हवाच. मांजरपाट घ्या, जाडसर. त्याच्या शिवणींवर तात्पुरत्या पट्ट्या चिकटवा आणि मागे आयलेट लावलेली एक जुनी पट्टी जोडा, म्हणजे खरी नाडी आवळता येते. नुसतं टाचण्यांनी बंद करून काही कळत नाही. घालून वीस मिनिटं बसा, वाका, जिना चढा.

मग मागची फट पाहा. वरपासून खालपर्यंत सारखी असेल तर काम झालं. वर रुंद आणि खाली अरुंद असेल तर छातीला कापड कमी पडतंय. कंबरेत रुंद आणि टोकांना अरुंद असेल तर कंबरेत जास्त आवळायला निघाला आहात. कंबरेत मिटली आणि वर-खाली उघडी राहिली तर छाती-नितंब दोन्हीकडे वाढवा. कंबरेवर आडव्या चुण्या दिसल्या तर कपड्याची कंबर तुमच्या कंबरेवर बसलेली नाही, बहुधा उंची जास्त झाली आहे. खुणा मांजरपाटावरच पेनने करा, मग तो उसवा आणि तोच तुमचा पॅटर्न. मी दोन नमुन्यांखाली कधी थांबलेले नाही.

शिवणीची माया धरलेली असते का?

जुन्या छापील पॅटर्नमध्ये आणि संग्रहालयातून उतरवलेल्या आराखड्यांत बहुतेक वेळा नसते. अर्धा इंच स्वतः सोडा. पहिल्या कॉर्सेटला पाऊण सोडलीत तरी चालेल.

१८ इंची कंबर खरंच असायची का?

१८ इंचांचे कॉर्सेट विकले जात, हे खरं. पण कॉर्सेटचं माप म्हणजे तो पूर्ण मिटल्यावरचं माप, आणि घालताना मागे फट ठेवायची पद्धत होती. दोन-तीन इंच त्यातच वाढतात. त्याच जाहिरातींत तिशीच्या पुढची मापंही असत. फोटोतल्या बारीक कंबरेमागे फोटोवर केलेलं हातकाम, खालचा फुगीर घागरा आणि वरचे फुगवलेले खांदे यांचाही वाटा आहे. फासळ्या काढून टाकणाऱ्या शस्त्रक्रियेची गोष्ट तर सोडूनच द्या, तिला कसलाही पुरावा नाही.

कापड कोणतं? कूतील आपल्याकडे मिळत नाही.

कूतील हे कॉर्सेटसाठीच विणलेलं दाट सुती कापड, माशाच्या काट्यासारखी वीण असलेलं. ताणत नाही, आणि पोलादी पट्टीचं टोक त्यातून सहज बाहेर येत नाही. ते नसेल तर दाट सुती ड्रिल घ्या, शाळेच्या गणवेशाच्या चड्डीला वापरतात ते. लायक्रा मिसळलेलं चुकूनही नको. दुकानात एक कसोटी करा : कापड दोन्ही हातांत धरून उभं ओढा, मग आडवं ओढा. ज्या दिशेला कमी ताणतं ती दिशा कंबरेभोवती यायला हवी. तिरपं ओढल्यावर फारच लांबलं तर ते ठेवून द्या.

वरचा थर रेशमाचा हवा असेल तर तो आतल्या ड्रिलवर कच्च्या टाक्यांनी सपाट बसवून दोन्ही एकच कापड समजून शिवा. खणाचं कापड वापरू का, असं अनेकींनी विचारलं आहे. बाहेरच्या थराला वापरा, सुंदर दिसतं. फक्त ताण त्याच्यावर येता कामा नये, तो ड्रिलने घ्यायचा. आणि कापण्याआधी ड्रिल धुऊन, इस्त्री करून घ्या. नव्या ड्रिलला आटायची फार सवय.

व्हेलबोन म्हणजे देवमाशाचं हाड ना? त्याऐवजी काय?

हाड नाही. काही जातींच्या देवमाशांच्या तोंडात दातांऐवजी गाळणीसारख्या शिंगी पट्ट्या असतात, त्या. उष्णतेने वाकतात, अंगाच्या उबेने अंगाचा आकार धरतात आणि उभ्या फाडता येतात, म्हणून शिंप्यांना त्या प्रिय होत्या. त्यांच्यासाठी देवमाशांची जी कत्तल झाली ती आठवली की जुन्या कॉर्सेटकडे नुसतं कौतुकाने पाहवत नाही. आज ते मिळवू नये, वापरू नये, आणि गरजही नाही.

जर्मनीत बनणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या व्हेलबोनच्या सर्वांत जवळ जातात. त्या परवडत नसतील तर इलेक्ट्रिकच्या दुकानातले जाड, रुंद केबल टाय आणा. डोकं कापा, टोकं कानशीने आणि मेणबत्तीच्या आचेवर गोल करा. अठराव्या शतकाच्या स्टेजना ते फार छान बसतात. वेताच्या चपट्या काड्याही चालतात, त्या काळी स्वस्त कपड्यांत वेत आणि गवताच्या काड्या घालतच असत. १८३० च्या कॉर्सेटमध्ये जाड सुती दोरी बोगद्यांत भरून बरीचशी ताठरता येते.

१८६० नंतरच्या कॉर्सेटला मात्र पोलाद घ्या.

पोलादी पट्ट्या सपाट घ्याव्या की स्प्रिंगच्या?

आयलेटच्या दोन्ही बाजूंना सपाट. वळणाच्या शिवणींवर स्प्रिंगच्या बऱ्या पडतात, पण त्या विसाव्या शतकातल्या, एकोणिसाव्या शतकात नव्हत्या. काटेकोर राहायचं असेल तर सगळीकडे सपाटच लावा. बोगद्यापेक्षा पट्टी अर्धा इंच आखूड कापा, म्हणजे दोन्ही टोकांना पाव-पाव इंच मोकळीक राहते. कापलेल्या टोकाला कानस मारून टोपी बसवा किंवा टेप गुंडाळा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत उघडं पोलाद एका पावसाळ्यात गंजतं आणि कापडावर तपकिरी डाग येतो, तो जात नाही.

बस्क कसा बसवायचा?

बस्क म्हणजे पुढची बंद करायची पट्टी. आधी ती अखंड असे, लाकडाची, शिंगाची किंवा व्हेलबोनची. लाकडी बस्कवर प्रियकर बदाम आणि नावाची अक्षरं कोरून देत, असे बस्क संग्रहालयांत आहेत. दोन भागांचा, पुढून उघडणारा पोलादी बस्क १८२९ साली फ्रान्समध्ये आला आणि १८५० च्या दशकात सर्रास झाला. तेव्हापासून बाई कुणाच्या मदतीशिवाय कॉर्सेट घालू-काढू लागली. माझ्या दृष्टीने कॉर्सेटच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा बदल.

या बस्कच्या एका भागाला कड्या असतात, दुसऱ्याला त्यांत अडकणाऱ्या खुंट्या. शिवताना आधी कड्यांची बाजू करा. बस्क कापडावर ठेवून प्रत्येक कडीच्या वर-खाली खूण करा. शिवणीवर कडीची जागा सोडून बाकी टीप मारा, प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला आणि शेवटी मागे-पुढे टाका घट्ट करून. कड्या त्या सोडलेल्या फटींतून बाहेर काढा आणि बस्कला अगदी लागून झिपरच्या पायाने टीप द्या. मग दुसरी बाजू तिच्यावर ठेवून खुंट्यांच्या खुणा करा. खुंटीसाठी कापड कापू नका, आरीने धागे बाजूला सारा आणि खुंटी आत ढकला. मापावर विसंबून दोन्ही बाजू वेगवेगळ्या केल्या तर एक बाजू खाली उतरते, आणि तो सगळा भाग उसवावा लागतो.

आयलेट उपसून येतात. काय चुकतंय?

भोक मोठं पाडलं जातंय. पंचाने धागे कापण्याऐवजी आरीने भोक करून ते हळूहळू मोठं करा. आयलेटचा दांडा जेमतेम जाईल इतकंच. मागे वॉशर असलेलेच आयलेट घ्या, आणि दोन थरांच्या आत ड्रिलची एक जादा पट्टी घाला. अंतर साधारण एक इंच. धातूचे आयलेट १८२० च्या दशकात आले. त्याआधीचा काळ करत असाल तर हाताने काज करतो तशी गोल भोकं रेशमी किंवा जाड सुती धाग्याने गुंफायची. वेळ लागतो, पण ती धातूपेक्षा कमी उपसतात.

हाताने शिवू की मशीनवर?

१८५० पर्यंतचा कॉर्सेट हाताने, घट्ट टीप घालून. त्यानंतर शिवणयंत्रं आली आणि कॉर्सेटच्या कारखान्यांनी ती लगेच उचलली, म्हणून मशीनची टीप १८६० नंतर पूर्ण अस्सल आहे. आजीचं काळं, पायाने चालवायचं मशीन असेल तर ते बाहेर काढा. त्याला फक्त सरळ टीप येते आणि आपल्याला तेवढीच हवी. ड्रिलचे चार थर ते न कुरकुरता खातं.

कंबरेची पट्टी हवी का?

हवी. आतून कंबरेच्या रेषेवर ट्विल टेप (घट्ट विणीची फीत) फिरवा. सगळा ताण तिच्यावर जातो आणि शिवणी फाटत नाहीत.

नाडी किती लांब, कशी ओवायची?

साडेपाच-सहा मीटर. १८४० आधीच्या कॉर्सेटला एकाच टोकाने गोल फिरत जाणारी ओवणी, आणि समोरासमोरची भोकं थोडी खाली-वर. नंतरच्या काळासाठी दोन टोकांची आडवी-तिरपी ओवणी आणि कंबरेपाशी ओढायला दोन लांब फास. काढताना आणि घालताना आधी नाडी पूर्ण सैल करा, मगच बस्क उघडा किंवा लावा. आवळलेल्या नाडीवर बस्क ओढून लावला की खुंट्या वाकतात.

श्वास कोंडतो का? किती आवळावं?

मापाचा असेल तर कोंडत नाही, श्वास पोटाऐवजी छातीच्या वरच्या भागात जातो इतकंच. सुरुवातीला दोन इंचांपेक्षा जास्त आवळू नका, पहिले काही दिवस तासाभरापेक्षा जास्त ठेवू नका. मुंग्या, दुखणं, जळजळ झाली तर लगेच सैल करा. गरोदरपणात, पोटाची शस्त्रक्रिया झालेली असताना किंवा श्वासाचा विकार असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नका.

संग्रहालयातल्यासारखा गोलसर आकार माझ्या कॉर्सेटला का येत नाही?

१८६० च्या दशकाच्या अखेरीपासून कारखान्यांत तयार कॉर्सेटला खळ लावून तो धातूच्या साच्यावर वाफेने वाळवत. घरी ते शक्य नाही. शिवाय संग्रहालयातल्या पुतळ्याला आतून कापूस भरून आकार दिलेला असतो. तुमचा कॉर्सेट अंगावर चार-सहा वेळा घालून झाला की बराच जवळ येईल.

टोकांवरची रंगीत भरतकामासारखी टाक्यांची नक्षी नुसती शोभेची का?

नाही. तिला फ्लॉसिंग म्हणतात. पट्टी वर-खाली सरकू नये, टोकाने कापड फाटू नये म्हणून ते टाके असतात. भरतकामाचा रेशमी धागा घ्या. काळ्या कॉर्सेटवर पिवळा धागा फार खुलतो.

धुवायचा कसा?

धुवायचा नाहीच, होता होईल तो. आत सुती शेमीज घाला आणि तीच रोज धुवा. वापरल्यावर कॉर्सेट उलटा करून सावलीत वारा लागेल असा टांगा. डाग पडला तर ओल्या फडक्याने तेवढंच टिपा.

खरा जुना कॉर्सेट हाती लागला. घालून पाहू का?

घालू नका, आवळू नका. शंभर वर्षांचा धागा एका ओढीत तुटतो. पांढऱ्या सुती चादरीवर सपाट पसरा आणि हात स्वच्छ धुऊन कामाला बसा. कपड्यात टाचण्या टोचू नका. एकेका तुकड्याची उभी धाग्याची दिशा शोधा, तिच्यापासून दर इंचाला दोन्ही शिवणींपर्यंतचं अंतर मोजा आणि चौकटीच्या कागदावर ठिपके मांडत जा. डावी आणि उजवी बाजू वेगळी मोजा, त्या क्वचितच सारख्या असतात. कुठे घामाचा डाग आहे, कुठे कुणी नंतर कापडाचा तुकडा जोडून कंबर वाढवली आहे, कोणती पट्टी मोडल्यावर तिच्यावर रफू केलं आहे, हेही त्याच कागदावर त्या त्या जागी पेन्सिलीने लिहून ठेवा.